परिस्थितीत काही बदल?

दर तीन महिन्यांनी सरकार मला विचारतं.

रात्रीचे अकरा. वेकफिल्डचं आमचं भाड्याचं घर,
रेडिएटरवर वाळत घातलेले सात मोजे, आठवा हरवलेला.
मंदार रात्रपाळीला, डेपोत बसगाड्या धुतोय.
मी मोबाईलवर अंगठ्याने
एकेका प्रश्नावरून घसरत जाते.
अजून काम करता? हो.
जोडीदार? तोही.
पत्ता तोच? तोच,
छताचा ओल धरलेला कोपराही तोच.

मूल तेच का,
असं मात्र फॉर्म विचारत नाही.

मागच्या वेळी हा फॉर्म भरला
तेव्हा ओवीला चार दात होते, आता नऊ.
तेव्हा रांगत कपाटापर्यंत जायची,
आता उभी राहून डाळीचा डबा उपडा करते
आणि त्यात बसते.
हातात काहीही दिलं की 'टा' म्हणते.
पाण्याला 'वॉऽ', मधला ट गिळून, अस्सल यॉर्कशायर.
हे शब्द मी शिकवलेले नाहीत.
हा बदल कळवायचा असतो का? कुठल्या रकान्यात?

मी आठ पौंड टाकले की सरकार वर दोन टाकतं.
आमच्याकडे याला वरताळा म्हणतात,
माप भरल्यावर ओंजळीने घातलेला.
खोटं कशाला बोलू, त्या दोनांचा आधार आहे.
ते दोन आहेत म्हणून मी मंगळवारी, गुरुवारीही
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बसून
दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
पण आधी आठ लागतात.
महिन्याच्या तेवीस तारखेला
आठ शोधणं म्हणजे काय,
ते दोन देणाऱ्याला कसं कळणार?

आईने सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली,
करमाळ्याच्या पलीकडे, एका खोलीत.
पोरांना काट्याला टांगून वजन करायची,
खिचडी घोटायची, शेंबूड पुसायची.
पगार नव्हे, मानधन.
मान थोडा, धन त्याहून थोडं, म्हणायची
आणि पदराने ताट पुसायची.
चाळीस पोरं पटावर.
मी एक्केचाळिसावी, पटावर नसलेली.
आता व्हिडिओवर विचारते,
तिकडे दिवसाचे किती घेतात गं?
मी आकडा सांगत नाही.
रुपयांत तर नाहीच नाही.

बेव्हर्ली, जिच्या कडेवर माझी लेक
दिवसाचे नऊ तास असते,
माझ्याहून कमी कमावते.
तिचा नातू तिची आई सांभाळते, कॅसलफर्डला,
वय एकोणऐंशी, एक गुडघा बदललेला.
नर्सरी परवडत नाही, बेव्हर्ली म्हणाली,
नर्सरीच्या दारात उभी राहून.
त्या संध्याकाळी बस आलीच नव्हती.
मी धापा टाकत पोचले तेव्हा सहा वाजून चार.
सहानंतर दंड, भिंतीवर लावलेलंच आहे.
खुर्च्या उलट्या टेबलांवर,
आणि ओवी कोट घालून, टोपी घालून,
खिडकीशी, एखाद्या पार्सलसारखी.
बेव्हर्लीने घड्याळाकडे पाहिलं.
मग ओवीच्या पायांतल्या
उलटसुलट बुटांकडे.
मग वहीत लिहिलं, पाच एकोणसाठ.
आणि दिवा मालवला.

फॉर्म वाट बघतोय.
काही वेळात आपोआप बंद होईल, अशी ताकीद देतोय.
पलीकडे ओवी झोपेत कूस बदलते,
कुणाला तरी काहीतरी म्हणते. 'टा' असावं.
कुणी काय दिलं तिला, स्वप्नात,
मला माहीत नाही.

मी 'नाही'वर अंगठा ठेवते.
काही बदल नाही.
आभारी आहोत, सरकार म्हणतं,
आता पुन्हा मे महिन्यात.

आठवा मोजा उद्या शोधेन.