रामबागेत भरतीचं वेळापत्रक

गल्लीत ट्रेलरवर ती उभी आहे पौषापासून,
अठरा फुटी, पोटाला निळा पट्टा,
भोपाळच्या तलावात सहली करून निवृत्त झालेली.
मीही त्याच महिन्यात निवृत्त झाले
महू रोडच्या पंपावर एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या टाक्यांत गेलेलं डिझेल लिहून.

समोरचे बोधनकर विचारतात, "पाणी कुठंय?"
मी सांगते, साडेपाचशे किलोमीटरवर,
सेंधव्याचा घाट उतरून, खालच्या अंगाला.
ते मान हलवतात,
कुणाचा रिपोर्ट वाचून झाल्यावर हलवावी तशी.

आमच्याकडे भरती म्हटलं की अजून पोलिसांची आठवते,
आणि भांग म्हटलं की थंडाई.
दोन्ही शब्द मी नव्यानं गिरवतेय:
अवसे-पुनवेला उधाण,
अष्टमीला भांगाची भरती,
पाणी जरासं चढतं, जरासं उतरतं,
संकोची पाहुण्यासारखं.
ज्या कॅलेंडरात मी चतुर्थी शोधायची
त्यात आता खाड्यांची तोंडं उघडतात, मिटतात.

जेवणाच्या टेबलावर सागरी नकाशा,
चार कोपऱ्यांना लोणच्याच्या बरण्या.
पाण्यात सगळीकडे आकडे. चार, दोन, एक पूर्णांक तीन,
आणि जमीन कोरी.
डहाणू आहे, हर्णै आहे, जयगड, वेंगुर्ला आहे.
इंदूर नाही.
माझं अख्खं आयुष्य टेबलाच्या कडेबाहेर,
खुर्चीच्या पाठीशी कुठेतरी.

बाणकोटचे हुसेन सोलकर रात्री नऊनंतर फोन उचलतात.
पहिल्यांदा म्हणाले, "बाई, पोहता येतं?"
दुसऱ्यांदा, "नदीला दोन काठ, दर्याला एकच.
जाताना तो डाव्या हाताला ठेवा, येताना उजव्या.
पहाटे मतलई सुटली की निघा,
दुपारचा वारा तोंडावर यायच्या आत बंदर गाठा.
थर्मोकोलचा तुकडा तरंगताना दिसला
तर कचरा समजू नका,
खाली कुणाचं तरी जाळं आहे."
मी वहीत लिहिलं.
तिसऱ्यांदा विचारलं, भीती वाटते का तुम्हाला?
ते म्हणाले, "रेंज जातेय."

यशवंतसागरावर सरावाला गेले तेव्हा
नांगर टाकला रुबाबात.
दोराचं दुसरं टोक बांधायचं राहिलं होतं.
तो अजून तिथंच आहे.

इंधन मात्र मला कुणी शिकवू नये.
मैलाला एक लिटर, टाकी नव्वदची.
हर्णै ते जयगड तीस मैल:
तीस लिटर जायला,
तीस परत फिरावं लागलं तर,
आणि तीस, ज्यांना हात लावायचा नाही.
वहीत ही ओळ लिहिताना पेन थांबलं.
एकोणसाठाव्या वर्षी
हे हात न लावायचं नेमकं कुठं ठेवलंय मी?
मग बोधनकरांची मांजर पानावर येऊन बसली
आणि बेरीज उद्यावर गेली.

निघायचं कार्तिकात, वारा बसल्यावर.
त्याआधी: नवा नांगर,
शिट्टी, आरसा, दोन जॅकेटं,
छावणीतल्या मालवीय मिस्त्रीकडून पंपाचं चाक बदलून.
इंजिन तो ड्रमभर पाण्यात बुडवून सुरू करतो,
सगळी गल्ली गॅलरीत येते,
ड्रमात लाटा उठतात, भिजतात फक्त आमचे पाय.
"इंजिन तर झालं, ताई," तो म्हणतो,
"समंदर तुम्ही बघा."

रात्री जेवणं आटोपली की मी तिच्यात चढून बसते.
सुकाणू हातात. डाव्या हाताला
काठ म्हणून बोधनकरांची भिंत,
तिच्यावर पिवळा दिवा.
कुत्री ट्रेलरच्या चाकांशी झोपलेली.
दहा सत्तावीस. तक्ता सांगतो, हर्णैला ओहोटी लागली.
मी उठते,
निंबाला बांधलेला दोर चाचपते
आणि एक हात सैल सोडते.