निरंक

सतरा नंबरच्या वाफ्यात त्या साली काहीच नव्हतं.
पौषातल्या एका रात्री रोह्यांचा कळप कुंपण ओलांडून आला
आणि तूर अशी खाल्ली की खुंट तेवढे राहिले.
सकाळी मी लेंड्या पाहिल्या, खुरं पाहिली,
आणि वजनवहीत, एकोणीस वर्षांच्या सवयीनं,
सतराच्या पुढे लिहिलं:
रोही. निरंक.
खाली सही. डोमाजी उरकुडा नेवारे, रोजंदार,
कृषी संशोधन केंद्र, खापरी.

दीड वर्षानं छापील निबंध आला.
गुळगुळीत कागद. साहेबांनी पेढे वाटले,
मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.
मग ती निबंध घेऊन काट्याच्या खोलीत आली,
तक्ता तीनवर बोट ठेवून म्हणाली,
काका, सतराचे चार किलो दोनशे साठ ग्रॅम
कोणत्या काट्यावर मोजले?
मी म्हटलं, रोह्याच्या पोटाले काटा लावला असन कोनी.
ती हसली नाही.

वहीच्या पानांचे फोटो घेताना तिनं विचारलं,
तुमची सही झाकू का?
सही झाकली तं वही कोनाची राहीन, बाई?

चौकशी समिती दोन गाड्यांतून आली.
पाटवडीचा रस्सा झाला, सुपारी झाली.
सतरा नंबर तिथून दोनशे पावलं;
कोणी गेलं नाही. काळी माती बुटाला धरते.
त्यांना एकच गोष्ट हवी होती
आणि ती त्यांनी सहा वेळा विचारली:
पत्र कोणी लिहिलं?
मधेच, सहज, तुझं कायम व्हायचं राहिलं ना, डोमाजी?
पोराच्या भरतीचं कुठवर आलं?
आणि खिडकीबाहेर बघत एक जण,
मुली तर चारच आहेत म्हणा केंद्रात.

समोर फॉर्म सरकवला. रकाना सहावा:
तक्रारदाराचे नाव, माहीत असल्यास.
पेन चालेना. झटकलं, तर शाई टेबलक्लॉथवर.
मी लिहिलं: निरंक.

बेचाळीस दिवस मला काम नव्हतं.
बायको परक्या वावरात कापूस वेचायला गेली
आणि मला एक शब्द बोलली नाही.
तेच जड गेलं.

शोधपत्रिकेच्या संपादकाचं पत्र इंग्रजीत होतं,
एकानं मला मराठीत सांगितलं.
कोण, हे त्यात नव्हतंच.
मूळ वही आहे का? वजन कोणी केलं?
काटा किती ग्रॅमपर्यंत खरा?
मी म्हटलं, शेवटचं पुन्हा सांग.
इतक्या वर्षांत काट्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं.

निबंध मागे घेतला, चार ओळींत.
साहेबांची बदली झाली. बढतीवर.
तिचं म्हणाल,
तर ती त्या चौघींतली होती, की नव्हतीच,
की तो होता आणि मी इथवर ती म्हणत आलो,
हे तुम्हीही विचारू नका.

यंदा सतरात पुन्हा तूर आहे, फुलावर.
रात्री बॅटरी घेऊन मी धुऱ्यावर बसतो.
रोही येतात, कुंपणापलीकडे थांबतात,
नुसते डोळे दिसतात.
किती, ते मोजतो
आणि वहीत लिहून ठेवतो.