पायाळू

दाक्षायणी पायाळू. आधी पाय आले, मग बाकीची.
सासूबाई म्हणाल्या, विजेपासून जपा हिला,
आणि बोअर पाडायच्या आधी शेतातून चालवा.
दोन्ही राहून गेलं.
मी फक्त तिला गाडीत उलटी बसवली,
मागच्या सीटवर, पाठमोरी,
लातूर ते उदगीर, महिन्यातून दोनदा, साडेतीन वर्षं.

आष्टामोडला टपरीवाला काचेत डोकवायचा :
"कामून बाई, लेकराला उलटं बसिवलंय?
गाढवावरून धिंड काढायलाव का?"
लोक हसायचे. वीरभद्रही हसायचे,
मग माझ्याकडे बघून थांबायचे.

मी एक्स-रे काढते. सरकारी दवाखान्यात, बारा वर्षं.
लहान लेकराच्या मानेच्या फिल्ममध्ये
हाडाहाडांत काळ्या फटी दिसतात.
नवा डॉक्टर असला की विचारतो, फ्रॅक्चर?
मी म्हणते, नाही सर, वय.
हाड अजून हाडाला भेटलेलं नसतं,
आणि वर डोकं केवढं!
ज्वारीच्या धांड्यावर ठेवलेलं टरबूज.
गाडी एकदम थांबते. टरबूज थांबत नाही.
पाठमोरं असलं की धक्का सीट घेते,
अख्ख्या पाठीला वाटून,
मान एकटी पडत नाही.
एवढंच. पण टपरीवर हे मला कधी नीट सांगता आलं नाही.

तिला जग जाताना दिसायचं.
बाभळ गेली. म्हशी गेल्या. नळेगाव गेलं.
"गेलं" हे तिचं पहिलं क्रियापद.
"आलं" म्हणजे चहात टाकतात ते.

मांडी घालून बसायची, आडतीवरच्या मुनीमासारखी.
पाय आखडतात हो तिचे, सासूबाई म्हणायच्या.
आखडू द्या. पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं,
मानेचं मात्र
(हे वाक्य मी कधी पुरं केलं नाही.)

मग सुलटी कधी करायची?
जावळाला मुहूर्त असतो, याला नव्हता.
सीटच्या कुशीला एक स्टिकर : अठरा किलो.
आणि डोकं सीटच्या कडेपासून दोन बोटं खाली हवं.
पंधरवड्याला मी बोटं लावून बघायची.
वीरभद्र तिला आडतीवर नेऊन
सोयाबीनच्या काट्यावर उभी करायचे.
सोळा नऊशे. सतरा चारशे.
हमाल ओरडायचे, "मॉइश्चर किती धरायचं, शेठ?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी एकच बोट मावलं.
काट्यावर अजून दोनशे ग्रॅम शिल्लक होते.
मी बोट पुन्हा लावलं. पुन्हा एकच.

रात्री अंगणात, मोबाईलच्या उजेडात,
वीरभद्र पट्टे सोडत बसले.
सीटखाली निघालं :
तीन बिस्किटं, एक पैंजण,
संक्रांतीच्या वेळचे वाळलेले हुरड्याचे दाणे,
आणि अंगावर पडलेल्या किरणांचा हिशेब ठेवणारा
माझा बिल्ला, मार्चपासून हरवलेला.
त्याच्यावर फक्त तिच्या पाठीखालचा अंधार नोंदला असेल.

सकाळी सुलटी बसली.
गरुड चौकापर्यंत गप्प.
मग समोरून झूल घातलेली बैलजोडी,
शिंगं लालभडक, गळ्यात घुंगरमाळा,
आणि ती किंचाळली,
"आई, येतंय! सगळं आपल्यावरच येतंय!"
वीरभद्रांनी गाडी चाळीसवर आणली.
थोड्या वेळानं हळू आवाजात :
"मागचं कुठं गेलं?"
"आहे तिथंच आहे."
"मला न दिसता?"

नळेगावच्या अलीकडे झोपली.
आजवर झोप लागली की डोकं मागे टेकायचं.
आज पुढं झुकलं, हनुवटी छातीवर,
मानेमागं केसांखाली लहान लहान गाठी.
किती असतात ते मला माहीत आहे.
मी मोजल्या नाहीत.
शेजारून हात लांबवून
तिच्या कपाळाखाली तळवा धरला,
उदगीर येईपर्यंत.