सात-ए

उडायचं तर आधी समुद्राखाली जावं लागतं.
वार्दो बेटावरून विमानतळाकडे नेणारा बोगदा
पहाटे रिकामा असतो.
टॅक्सी उतरत जाते, कानात दडे बसतात,
डोक्यावर कुठेतरी बोटी चाललेल्या,
मग चढ, मग बर्फ, मग तीन दिवे
आणि वाऱ्याने ताठ झालेली ती नारिंगी पिशवी.

काउंटरवर आयलर्ट.
तिकीट तोच बघतो, बॅगा तोच लादतो,
अंगात पिवळं जाकीट चढवून
पंखांवरचा बर्फही तोच धुऊन काढतो.
कुठली खिडकी, हे तो आता विचारत नाही.
सात-ए. तिथून चाक दिसतं.
ज्याला कळलं त्याला कळलं,
बाकीच्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

बाहेर उणे चौदा.
डॅश-एट उभं, नाकाशी थोडं काळवंडलेलं,
एकोणचाळीस खुर्च्यांचं.
शेपटीजवळची अक्षरं वहीत उतरवतो,
या यंत्रात ही माझी एकोणचाळिसावी खेप,
खुर्ची मात्र एकच.

आधी उजवं इंजिन, मग माझं.
एक बारीक शीळ, तिच्यात मिसळत गेलेली घरघर,
चार पाती मोजता मोजता
मोजायला काही उरत नाही,
नुसती एक धूसर तबकडी, जिच्यातून
आयलर्ट हात हलवताना दिसतो.

शेजारी सोल्फ्रिड प्लेम, वय ऐंशीच्या घरात,
मांडीवर लोकरीची पिशवी.
उड्डाणाच्या धक्क्यात मी श्वास धरतो, ती विणकामातला टाका.
"हॅमरफेस्ट," ती म्हणते. "कंबर दाखवायला. आणि तू?"
"हॅमरफेस्टच. आणि दुपारी परत."
"कोण आहे तिथे?"
"कोणी नाही."
ती माझ्याकडे बघते,
जसं एखाद्या भल्या घरच्या वेड्याकडे बघावं,
आणि पिशवीतून बिस्किट काढून देते.

खाली पठारं, निळसर, अजून झोपेतली.
मागे डावीकडे क्षितिजाला एक चीर पडते
आणि पंखाच्या टोकाला अचानक तांबूस लागतं.
खाली बोट्सफ्योरच्या लोकांना
हा सूर्य अजून तासभर मिळायचा नाही.
मी उसना घेऊन बसलोय.

मग तो क्षण.
इंजिनाखालची झाकणं उघडतात,
आणि आतून चाक बाहेर येतं,
सावकाश, गुडघा दुखणाऱ्या माणसानं
पलंगावरून पाय खाली सोडावा तसं.
मी नकळत पुटपुटतो, "आलं."
सोल्फ्रिड सुई थांबवते.
"आमच्या वेळी चाकं नव्हती," ती म्हणते.
"बंदरातच उतरायचं. मी आठ वर्षांची,
पोटात काहीतरी फुटायला आलेलं,
हॅमरफेस्टला नेलं मला."

माझ्या हातून बिस्किट पडतं.
पाण्यावरचं विमान! एकच इंजिन!
ज्यांचे तीन फोटो माझ्याकडे आहेत, तिन्ही धूसर,
त्यात ही बसली होती!
अक्षरं कोणती? रंग? आवाज कसा होता?
वैमानिकाच्या शेजारी बसवलं होतं का?
उठताना पाणी खिडकीवर येत होतं का?

आपटतो. आखूड धावपट्टी, पात्यांचा उलटा गर्जना-आवाज,
सगळे पुढे झुकतो, मग मागे.
सोल्फ्रिड विचार करते. खरोखर करते,
कपाळाला आठ्या घालून,
माझ्यासाठी.

"थंडी होती," ती अखेर म्हणते.
"आणि मी त्या माणसाच्या हातमोज्यात ओकले.
तो रागावला नाही.
दुसरा हातमोजा मला दिला."

दार उघडतं. दोन माणसं उतरतात,
एक जण माशांचा खोका घेऊन चढतो,
आत गार हवा आणि केरोसीनचा वास.

मी वही काढतो. नवी ओळ आखतो.
तारीख : तिचं आठवं वर्ष.
अक्षरं : ठाऊक नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसतो,
तोवर डावं इंजिन पुन्हा शीळ घालू लागतं
आणि, पहिल्यांदाच,
पाती मोजायची राहून जातात.