लघुअभ्यास

एप्रिलचा दुसरा बुधवार. सक्करदऱ्याच्या बाजारात
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
तोंडाला दुपट्टा, काखेत चाळीस प्रश्नावल्या,
बीए तिसरं वर्ष, समाजशास्त्र, रोल नंबर त्रेसष्ट.
विषय: भाजीविक्रेत्या स्त्रिया आणि सार्वजनिक सुविधा,
एक लघुअभ्यास.
'लघु'वर मागचा बाक हसला होता.
मॅडमनी डस्टर आपटला
आणि मग त्याही जरा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या.

पहिल्या शेवंताबाई निखारे.
वय? "लिही पन्नास."
शिक्षण? "लिही नाई."
प्रश्न अकरा: दिवसभरात पाणी किती पिता? अ, ब, क, ड.
मांडीशी दोन लिटरची बाटली,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
"ह्या अशा चार लागते दिवसाले."
मी 'ड'वर खूण करणार, तोच
"अवं, मले नाई. सांभाराले."
आणि त्यांनी जुड्यांवर पाणी शिंपडलं,
पालकावर, मग पुन्हा सांभारावर.
"मी पहाटे पेऊन निघाली. आता घरी गेल्यावर."

प्रश्न बारा: जवळपास स्वच्छतागृह आहे का?
"आहे नं. ते काय, निळं दार."
होय.
कौसल्या धुर्वे, होय.
नर्गिसबी, लिंबं मोजता मोजता, होय.
चाळीसपैकी सदतीस.
तक्ता क्रमांक चार: साडेब्याण्णव टक्के.
वर्तुळ मी हिरव्या स्केचपेनने रंगवलं,
छान दिसत होतं, टरबुजासारखं.

तिसऱ्या बुधवारी लक्षात आलं,
माझीही बाटली भरलेलीच परत येते.
आई म्हणाली, "काहून वं, पाणी नाई पेली?"
म्हटलं, गरम झालं होतं.
सिटी बसमध्ये गुडघे आवळून
मी मनातल्या मनात प्रश्नावली चाळली.
मॅडम म्हणाल्या, संशोधक नमुन्यात येत नाही.
मग कपाट बंद करता करता:
"आमच्या वेळी कॉलेजातसुद्धा नव्हतं.
पाच वर्षं मी सकाळचा चहा सोडला होता.
हे लिहू नको."

मी परत गेले, कागदांशिवाय.
"शेवंताबाई, निळं दार आहे, मग?"
भाव विचारून न घेणाऱ्याकडे पाहावं
तसं त्यांनी पाहिलं.
"कुलूप आहे नं त्याले."
चावी?
"खर्र्याच्या टपरीवर."
मागत का नाही?
"तूच माग नं जाऊन."

टपरीवर नऊ माणसं. मोजली, सवयीने.
कुणाच्या तरी मोबाइलवर मॅच.
"भाऊ, चावी."
खर्रा घोटणारा हात थांबला. "कशाची?"
त्याला माहीत होतं कशाची.
नऊच्या नऊ जणांना माहीत होतं.
मी तोंडावरचा दुपट्टा सोडला.
"संडासची."

चावी एका जुन्या लोखंडी मापाला बांधलेली,
अर्ध्या किलोच्या. कुणी पळवू नये म्हणून.
ते हाताला लोंबकळत घेऊन
मी अख्खा बाजार ओलांडला,
भेदरं, वांगे, मोहाच्या फुलांचं पोतं,
माप गुडघ्यावर आपटत होतं
आणि लोक वाट देत होते, जरा जास्तच.
गंजलेलं कुलूप. आतला नळ मात्र चालू होता.

बाहेर आले तर दाराशी कौसल्याबाई,
त्यांच्यामागे नर्गिसबी, ओढणीने वारा घेत.
"लावू नको," एवढंच म्हणाल्या.
शेवंताबाई जागेवरच.
"माझा धंदा कोण पाहीन?"
मी पाहते, म्हटलं.
त्यांनी माप हातात घेतलं, तोललं,
"पावशेर कमीच भरते हे,"
आणि गेल्या.

मी पोत्यावर बसले.
बाटली उलटी करून जुड्यांवर धरली,
उरलेलं पाणी स्वतः प्यायले,
झाकण काढून, मान वर करून.
स्कूटीवरचा एक माणूस न उतरताच म्हणाला,
"सांभार कसा दिला?"

चोवीस प्रश्न, चाळीस बाया,
आणि मला भाव माहीत नव्हता.