पातोंड्यापर्यंत

अमळनेरच्या आमच्या पोस्टात टपाल लावायची लाकडी मांडणी आहे,
खणाखणावर गावाचं नाव.
तळाला शिरूड, जानवे,
त्यावर मांडळ,
मग अमळगाव, पातोंडा,
आणि पार वर, ट्यूबलाइटच्या धुळीत,
मारवड.

सव्वीस वर्षं मी न बघता पत्रं टाकली या खणांत.
ऑपरेशननंतर उजवा हात
जानव्याच्या पुढे जाईना.
काखेतल्या गाठी काढल्या, त्यांच्याबरोबर
वर जायची वाटही कुणी उचलून नेली असावी.
मनगट सुजलं. पाटल्या डब्यात गेल्या.
शिक्का खैरनारकडे गेला.
तो मारतो, पण तारीख वाकडी उमटते.

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पिलाटीस सुरू करा.
मला गोळीचं नाव वाटलं.
विचारलं, जेवणाआधी की नंतर?
"नंतर. दोन तासांनी," त्या म्हणाल्या,
आणि मगच हसल्या.

बँडवाल्यांच्या गोदामावरची खोली.
खाली कुणीतरी क्लॅरोनेट पुसतंय, मध्येच एक सूर चुकून निसटतो.
वर सहा चटया
आणि तस्नीम पिंजारी.
तिचे आजोबा खांद्यावर धनुकली घेऊन
दारोदार गाद्या पिंजायचे. माझ्या आईचीही पिंजली असेल.

पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं,
"याने गाठ विरघळत नाही.
तसं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.
औषध चालू ठेवा, बाही घालून या, दुखलं की थांबा."
मग आम्हाला आडवं केलं.
"दबलेला कापूस बडवून मोकळा होत नाही.
तार छेडायची. धागा आपला आपण सुटतो.
श्वास घ्या. पोटात नको, बरगड्यांत,
बाजूला, मागे, पार चटईत."

मी घेतला.
टाक्यांच्या खाली काहीतरी
हललं, इतकंच,
पण त्या बाजूला मी वर्षभर
अंघोळीतही नजर टाकली नव्हती.

ओंकारअप्पा बडगुजरांना प्रोस्टेटचा.
"आते या वयमा माले काय सर्कसमा जानं शे का?"
म्हणत म्हणत त्यांनी गुडघे वर घेतले.
तीन महिन्यांनी एका सकाळी जाहीर केलं
की काल भाच्याच्या लग्नात चार तास बसलो,
एकदाही धोतराची काळजी केली नाही.
खोलीभर हसू. ते मात्र डोळे पुसत होते.

मंजुळाताई कासारांचे तळवे केमोने बधिर.
रस्त्यात चप्पल निसटे, घरी आल्यावर कळे.
आता भिंतीला एक बोट लावून
एका पायावर उभ्या राहतात, अकरापर्यंत.
मला म्हणतात, सूज उतरू दे गं,
सव्वादोनच्या हिरव्या बाजूला ठेवल्यात तुझ्यासाठी.

"शंभर" नावाचा एक प्रकार आहे.
डोकं उचलायचं, हात हलवत श्वास मोजायचे.
मी बावीसवर पडले. नंतर चाळीस.
मग रक्त कमी झालं, पुन्हा बारा.
काही मंगळवारी मी नुसतीच पडून असते,
छताचा पोपडा बघत.
तस्नीम हजेरीत तेही लिहिते.
रात्री झोप लागते, हे ती लिहीत नाही, मी लिहिते.

परवा शुक्रवारी
बँकेचं एक पाकीट आलं, हिलाल पाटील, मुक्काम पातोंडा.
माझं लक्ष खिडकीतल्या माणसाकडे होतं,
त्याला सुट्टे हवे होते.
हात गेला. ठेवून आला.
सुट्टे मोजून दिल्यावर
मला कळलं तो कुठे जाऊन आला ते.

खैरनारने पाहिलं नाही.
तो तारीख वाकडी उमटवण्यात गर्क होता.
मी कुणाला बोलावलंही नाही,
नुसती त्या खणाकडे बघत राहिले
एखाद्या गावाला प्रथमच उतरल्यासारखी.

मारवडला अजून स्टूल लागतं.
चढताना मी श्वास सोडते,
बेंबी पाठीकडे ओढून घेते,
शिकवलंय तसं.