शेरा

समुद्राकडून नाही आलं ते.
बावीस चाकांच्या ट्रेलरवर बांधून, वर्धा रोडनं, रात्रीचं.
एका पुलाखाली अडकलं तेव्हा
टायरांतली हवा सोडून चार बोटं खाली घेतलं.
भरती-ओहोटीशी
त्याचा आलेला तेवढाच संबंध.

अंबाझरीत उतरवलं त्या दिवशी संत्राबर्फी वाटली.
पत्र्यावर नाव होतं 'जलरोहिणी'.
लोक म्हणाले, कुरूज.

मी खिडकीत. मोठ्यांना ऐंशी, लहानांना चाळीस,
आणि लहान कुणाला म्हणायचं यावरून रोज भांडण,
म्हणून चौकटीवर खडूची एक रेघ.

इंजिनावर दुर्योधन नान्हे.
आजा त्याचा डोंग्यातून शिंगाडे काढायचा,
बाप जाळं टाकायचा,
ह्याला पांढरा शर्ट मिळाला, खिशावर नांगर शिवलेला.
"वावरातला नाही बे, पाण्यातला," पोरांना सांगायचा,
"पण टाकू कुठं? खाली गाळच गाळ."

अठ्ठावीस मिनिटांची फेरी.
बेटाला वळसा, बांधाजवळ दोनदा भोंगा, परत.
हिंगण्याच्या शाळेची पोरं
बदक दिसलं की सगळी एका बाजूला धावायची,
जहाज कलायचं,
आणि खालून आवाज यायचा, "मधात बसा, मधात!"
एका साखरपुड्याची अंगठी गेली पाण्यात.
लग्न झालं की नाही, कळलं नाही.
दर मंगळवारी रेल्वेतले निवृत्त गार्ड डोंगरवार यायचे,
पाण्याकडे बघायचेच नाहीत,
घड्याळाकडे बघायचे. उतरताना मला म्हणायचे,
"आज दोन मिनिटं लेट."

मे महिन्यात कठड्याला हात लावता यायचा नाही.

जलपर्णी पंख्यात गुंतली की
दुर्योधन कोयता दातात धरून खाली जायचा.
वर मी आकडे मोजत उभी.
त्रेसष्ट हा त्याचा सगळ्यात मोठा श्वास.

ठेकेदार रायपूरचा.
आधी त्याचा फोन वाजायचा, मग नुसता बंद.
तीन पगार राहिले ते राहिलेच.
जहाजाला धक्क्याशी साखळी, साखळीला कुलूप,
कुलपावर कागद, कागदावर शिक्का.
बुडातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी
कुणीतरी नेली.
मग चार महिने दुर्योधन रोज सकाळी बादली घेऊन यायचा.
कुणी सांगितलं नव्हतं.
भाचीच्या लग्नाला पवनीला गेला, पाच दिवस.

अधिवेशन चालू होतं, सगळे पोलीस सिव्हिल लाइन्सला.
आभाळ कोरडं, वारा नाही.
वादळ नाही, खडक नाही, कुणी धावा केला नाही.
एका रिबिटाएवढ्या भोकातून
तलाव आत आला,
तिकीट न काढता.

पुरतं बुडायला तिथं खोलीही नव्हती.
छप्पर वर राहिलं.
पाणकावळे त्यावर पंख वाळवत बसले.

पंचनाम्यात : जीवितहानी निरंक.
दुर्योधन तसाच आला, हातात लग्नाच्या बुंदीची पुडी.
"साहेब, इंजन सहा हजार चारशे बारा तास चाललं, थे लिवा."
"त्याला रकाना नाही."
"मंग शेऱ्यात लिवा."
साहेबांनी पेन झटकलं,
शेऱ्यात लिहिलं : रहदारीस अडथळा नाही.

किलोवर विकलं गेलं.
क्रेन आली, पण तिची तार बुडाखालून घ्यायला
खाली कोण जाणार?
पाचशे रुपये ठरले.
त्यानं शर्ट काढून माझ्याकडे दिला, नांगर आत घडी करून.
सवयीनं मी मोजू लागले.
साठ. त्रेसष्ट.
क्रेनवाला बिडी विसरून पाण्याकडे बघत होता.
सत्तर. एकाहत्तर.

वर आला. तार बांधलेली होती.
बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला,
मग डोळ्यांवरचं पाणी निपटून म्हणाला,
"काही नाही वं.
माह्या जागेवर बसलो होतो जराक."